दुपारच्या गाडीची गोळी

आमचं गाव रेल्वेनं जन्माला घातलं आणि रेल्वेनंच वाऱ्यावर सोडलं. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या पार खालच्या टोकाला ते होतं. आधी रूळ आले, मग इंजिनांची शेड, मग एका मापाची लाकडी घरं ओळीनं, आणि त्या घरांसाठी शाळा, चर्च, पब. नव्वदच्या दशकात आम्ही नवराबायको तिथे पोचलो तेव्हा शेडला कुलूप होतं, अर्धी घरं रिकामी होती आणि दिवसाला दोनच मालगाड्या उरल्या होत्या. एक सकाळी, एक दुपारी. गावात फार्मसी एकच आणि फार्मसिस्ट मी.

तिथले शेवटचे स्टेशनमास्तर माझं रोजचं गिऱ्हाईक. ऐंशीच्या पुढचे, एकटे, घर रुळाला लागून. आम्ही घरात त्यांना मास्तरच म्हणायचो. हृदय थकलेलं, अंगात पाणी साठायचं. ऑकलंडच्या मुलीनं बजावून ठेवलं होतं, "डॅड, गोळ्यांचा एकदा जरी घोळ झाला तर वृद्धाश्रम." म्हातारा त्या एका शब्दाला टरकून होता. "या घरातून मी निघेन तो आडवाच," असं मला काउंटरवर ठणकावून सांगायचे.

आता माझा शहाणपणा ऐका. लेबलावरची अक्षरं त्यांना दिसेनात. मी दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली गार्डाची लेक. आमच्याकडे आई पॅसेंजरच्या शिट्टीवर कुकर चढवायची. म्हटलं, मास्तर, सोप्पं आहे. सकाळची गाडी गेली की लाल चिकटपट्टीच्या बाटलीतली, हृदयाची. दुपारची गेली की पांढरीतली, पाण्याची. नियमानं वेळा सांगायच्या असतात, मी गाड्या सांगितल्या. "इतकं नीट मला कुणी समजावलं नव्हतं," म्हणाले आणि तीन महिन्यांच्या गोळ्या घेऊन गेले.

मग गावाच्या स्थापनादिनाचा सोहळा आला. हॉलमध्ये जुने फोटो, लोणी-जॅम लावलेले स्कोन, चहा. बाहेर कुठूनसं मागवलेलं वाफेचं इंजिन पोराटोरांना घेऊन फेऱ्या मारत होतं. तीन वाजता मास्तर गावाचा इतिहास सांगणार होते. तीन वाजले, सव्वातीन झाले, खुर्ची रिकामी. जन्मात मिनिटभर उशीर न केलेला माणूस! तेवढ्यात इंजिनानं शिट्टी फुंकली. सकाळपासूनची सातवी की आठवी.

अगं बाई! गाडी गेली की गोळी. आठ गाड्या, आठ गोळ्या. हृदयाच्या त्या गोळ्या म्हणजे काय चणेफुटाणे आहेत? एवढ्यानं माणूस जायचा.

मी कप टाकून धावत सुटले. सोहळा म्हणून साडी नेसले होते, मेली ती साडी, निऱ्या धरून पळाले. तर फाटकात ते इंजिनच आडवं उभं आणि लोक झेंडे हलवतायत. ओळखीची एक बाई हसून "किआ ओरा" म्हणाली, तिथला माओरी नमस्कार तो, तर तिच्यावर खेकसले. 'हल की मेल्या, हल,' अशा मराठीतून इंजिनाला शिव्या घालत मी उभी, आणि ते ढिम्म. शेवटचा डबा सरकला तशी रूळ ओलांडून पुन्हा पळाले.

दार उघडंच होतं. मास्तर सूट घालून खुर्चीत बसलेले, ओठ निळसर, छातीत घरघर. पाय इतके सुजलेले की बूट चढेना. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला आणि लाल बाटली टेबलावर ओतून मोजली. गोळ्या बरोबर होत्या, एकही जास्त गेलेली नव्हती.

"या शिट्ट्यांवर किती घेतल्यात?" मी ओरडलेच.

"ती गाडी नव्हे, पोरी," ते धापा टाकत म्हणाले. "तमाशा आहे तो. वेळापत्रकात नाही."

मग पांढरी बाटली उचलली. जवळजवळ भरलेली.

"ही का नाही घेतली?"

"दुपारची गाडी येते कुठे आता? पाच आठवडे झाले बंद होऊन. मी रोज खिडकीत बसतो."

साऱ्या गावाला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. पेपरात वाचून मी हळहळलेसुद्धा होते. पण गाडीशी गोळीची गाठ मीच मारली होती, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही ते नाहीच.

तासाभरावरच्या शहरातल्या हॉस्पिटलात त्यांच्या अंगातलं पाणी उतरलं, जीव वाचला. दुसऱ्या दिवशी मुलगी विमानानं आली. मी पलंगाशीच होते. डॉक्टरांनी विचारलं, "दुपारच्या गोळ्या का बंद केल्या?" मुलगी माझ्याकडे बघायला लागली. माझं तिथलं रजिस्ट्रेशन नवंकोरं, नवऱ्याला अजून काम नाही. एक तक्रार गेली असती तर बिऱ्हाड गुंडाळून परत दौंड. मास्तरांनी एकदाच माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"विसरलो," ते म्हणाले.

मुलीनं डोळे पुसले. "डॅड, आता पुरे झालं. तुम्ही माझ्याबरोबर येताय. तिथे चांगला वृद्धाश्रम आहे."

बोल ना, बोल की, असं मी स्वतःला म्हणत होते. आणि करत काय होते, तर त्यांची उशी सारखी करत होते. डॉक्टरांनी फाइलीत लिहून घेतलं, विसरले म्हणून.

महिन्याभरात घर विक्रीला निघालं. जायच्या दिवशी मुलीला मोटारीत बसवून मास्तर फार्मसीत आले. मला वाटलं, आता बोलतील, दोन शब्द सुनावतील, सुटेन मी. त्यांनी माझा हात हातात घेतला.

"गप्प राहिलीस ते बरं केलंस," म्हणाले. "म्हातारा नसला तरी गावाचं चालतं. फार्मसिस्ट लागते."

आणि मी मान हलवली. हो म्हणून मान हलवली मी.