दादाचं पान

सलूनमध्ये खुर्च्या दोन आणि आरसा एकच, भिंतभर. सव्वीस वर्षं दोघे भाऊ त्या आरशातूनच एकमेकांशी बोलत आले होते. दाराशी दादाची खुर्ची, आत नळाजवळ धाकट्याची. गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून नजर उचलायची, काचेत दुसऱ्याचे डोळे गाठायचे आणि "जेवलास का?" विचारायचं, की झालं बोलणं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी, दुकान रिकामं असताना, ते एकमेकांचे केस कापत. आधी दादा बसायचा. "जगाच्या माना नीट करणाऱ्याला स्वतःची मान दिसत नाही," तो म्हणायचा, "ती कुणाच्या तरी हवाली करावीच लागते."

रविवारी धाकटा उपासनेला जायचा. दादा जात नसे. एके काळी मात्र दादानंच त्याला बोट धरून चर्चमध्ये नेलं होतं. वडील गेले तेव्हा धाकटा सहा वर्षांचा. गीताच्या पुस्तकात पान कसं शोधायचं, प्रार्थनेत डोळे किती मिटायचे, प्रवचन लांबलं तर जांभई कशी गिळायची, सगळं दादानं शिकवलं. खर्जात गाणारा मंडळीत तोच एक. त्याचा आवाज खाली असला की बाकीच्यांच्या आवाजाला जमीन मिळायची.

मग वहिनी आजारी पडली. दोन वर्षं मंडळीनं उपास केले, आळीपाळीनं प्रार्थना केल्या, आणि वहिनी गेली. दफनाहून परतताना काहीतरी बोलायला हवं म्हणून धाकटा बोलून गेला, "आपला विश्वासच कुठेतरी कमी पडला, दादा." वाक्य त्याचं नव्हतंच, कुठल्याशा प्रवचनात ऐकलेलं. दादा थांबला, वाकून बुटाची नाडी बांधली आणि पुढे चालू लागला. त्यानंतर तो कधी उपासनेला आला नाही. चार वर्षं झाली त्याला. दादा का येत नाही याचं कारण मंडळीत ज्याला त्याला माहीत होतं. खरं कारण एकट्या धाकट्याला ठाऊक होतं, आणि त्याबद्दल त्यानं तोंडातून ब्र काढला नव्हता.

यंदा चर्चला नवे पाळक आले. तरुण, पायाला भिंगरी, मनानं सरळ. त्यांनी मंडळीपुढे पाच वर्षांचं ध्येय मांडलं. मुळं आत खोल जावीत आणि फांद्या भिंतीबाहेर पसराव्यात, असं ते म्हणाले. "आपण इथे बसून एकमेकांनाच सुवार्ता सांगतोय. जेवलेल्यांनीच जेवलेल्यांना वाढायचं, असला प्रकार झालाय!" प्रत्येकानं एक नाव निवडायचं, चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचं, वर्षभर त्या माणसासाठी प्रार्थना करायची आणि त्याला घेऊन यायचं. बोलता बोलता त्यांची नजर धाकट्यावर पडली.

"तुमचं काम तर सगळ्यांत सोपं. माणूस तुमच्यापुढे मान टाकून बसतो, गळ्यावर वस्तरा. पळणार कुठे?"

मंडळी खदखदून हसली. धाकटाही हसला. गिऱ्हाइकाशी ऊनपावसाच्या पलीकडे तो आजवर काही बोलू शकला नव्हता. चिठ्ठीवर त्यानं दादाचं पूर्ण नाव लिहिलं, चार घड्या घातल्या आणि पेटीत टाकली. चिठ्ठी आपल्यात आणि देवात राहील, अशी त्याची समजूत.

दोन आठवड्यांनी चर्चच्या बाजूच्या भिंतीवर कागदाचं मोठं झाड आलं. आलेल्यांची पानं हिरवी, फांदीवर. न आलेल्यांची तपकिरी, वाळकी, खाली पडलेली. दादाचं नाव अगदी बुंध्याशी होतं, सुबक, ठसठशीत अक्षरात. धाकट्यानं ते दोनदा वाचलं. संडेस्कूलच्या बाई शेजारीच उभ्या होत्या.

"बाई, ही नावं..."

"छान दिसतंय ना? एकशेबारा पानं कातरली हो या हातांनी. अंगठा सुजलाय. तुम्ही काय, रोज कात्रीच चालवता. तुम्हाला नाही कळायचं."

"नाही, फारच छान," तो म्हणाला.

ते एक पान काढा म्हणायला जीभ रेटेना. पुढच्या रविवारी सांगू, असं त्यानं ठरवलं. असे तीन रविवार गेले.

मंगळवारी मंडळीतले निवृत्त पोस्टमास्तर दाढीला आले आणि दादाच्या खुर्चीत बसले. सरकारी पत्रं पोचवून पोचवून त्यांना कुठलीच गोष्ट पोटात ठेवायची सवय राहिली नव्हती.

"काय हो थोरले," तोंडाला फेस असतानाच ते म्हणाले, "तुमचं पान अजून जमिनीवरच! झाडावर कधी चढताय?"

"कसलं पान?"

"अहो, चर्चच्या भिंतीवर. न आलेल्यांची वाळकी पानं लावलीत. धाकट्यानं नाव घातलंय तुमचं. बोलला नाही?"

वस्तरा गालावर क्षणभर थांबला. धाकटा आरशात बघत होता. दादानं आरशात बघितलं नाही. त्यानं उरलेला गाल केला, तुरटी फिरवली, कापड झटकलं. पोस्टमास्तर गुळगुळीत हनुवटी चाचपत निघून गेले.

"दादा, ती नुसती चिठ्ठी होती. प्रार्थनेसाठी."

"मी आलो की ते पान काढतात?"

"हो. हिरवं लावतात."

"मग येतो या रविवारी."

चार वर्षं ज्याच्यासाठी गुडघे झिजवले ते असं एका वाक्यात मिळालं. नको येऊस, असा नको येऊस, असं धाकट्याला म्हणावंसं वाटलं. पण मग ते जुनं वाक्यही काढावं लागलं असतं, आणि ते परत घ्यायचं तर आधी पुन्हा उच्चारायला हवं होतं. त्यानं नळ सोडला आणि धुतलेलाच ब्रश पुन्हा धुतला.

शनिवार महिन्याचा शेवटचा होता. दुपारी धाकट्यानं पांढरं कापड झटकून हातात धरलं.

"ये दादा."

"आज नको. जरा बाहेर जाऊन येतो."

तो परत आला तेव्हा डोक्यावर टोपी होती. दुकान बंद होईपर्यंत ती तशीच राहिली.

रविवारी दादा आला. पाळक व्यासपीठावरून उतरून धावतच गेले, त्यांनी त्याला मिठी मारली. बाईंनी डोळे पुसत हिरवं पान चिकटवलं, टाळ्या झाल्या. "वस्तऱ्यानं काम केलं तर!" पोस्टमास्तर धाकट्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले. दादा पुढच्या बाकावर बसला आणि त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

धाकटा बरोबर मागे होता. दादाची मान त्याला तळहातासारखी ठाऊक. डावीकडचा भोवरा, त्याखालचा तीळ, केस कुठे चढे कापायचे, कुठे उतरते. ही मान परक्या हातानं केली होती. रेघ उजवीकडे घसरलेली, भोवऱ्याचे केस उभे राहिलेले, तिळाशेजारी वस्तरा लागून रक्ताचा बारीक ठिपका सुकलेला. गीत सुरू झालं. दादा उभा राहिला, पुस्तक उघडं धरलं आणि तोंड मिटून गीत संपायची वाट पाहत राहिला.

नंतर तो बाईंकडे गेला.

"जुनं पान मला मिळेल?"

"आठवण म्हणून? घ्या की!" बाई हरखल्या.

त्यानं पान उभं दुमडून खिशात ठेवलं, पाळकांचे आभार मानले आणि कुणाची वाट न पाहता घरी गेला. पाळक धाकट्याला म्हणाले, "बघा, प्रार्थनेचं फळ." धाकट्यानं मान डोलावली. दुसरं काय करणार?

सोमवारी दुपारी दुकान रिकामं झालं, तेव्हा दादानं आपल्या खुर्चीवर फडका मारला.

"बस. तुझे वाढलेत."

धाकट्याचा जीव भांड्यात पडला. तो बसला. गळ्याशी कापड बांधलं गेलं, मान पुढे वाकवली गेली, हनुवटी छातीला टेकली. आता बोलू. आता सगळं सांगून टाकू. मानेवर वस्तऱ्याचं गार पातं आलं, आणि पाळकांची थट्टा त्याला आठवली.

"दादा, त्या दिवशी दफनाहून येताना मी..."

"हलू नकोस. लागेल."

हात तेच होते, हलके, बिनचूक. मागची रेघ कशी सरळ आली असेल ते न बघताही कळत होतं. मग दादानं त्याचं डोकं वर केलं. धाकट्यानं आरशात त्याचे डोळे शोधले. दादा दोन्ही कानांची उंची ताडत होता. दारातून पहिल्यांदाच आत आलेल्या कुठल्याही माणसाला विचारावं तशा मऊ, अदबीच्या आवाजात त्यानं विचारलं,

"कल्ले किती ठेवायचे?"

सव्वीस वर्षांत हा प्रश्न दादाला कधी पडला नव्हता. दादा कात्री उघडी धरून उत्तराची वाट पाहत उभा राहिला.