रुमालाखालची मुलाखत

मारुतीरायावर माझी भक्ती होती, भरवसा मात्र नव्हता, हे आधीच कबूल करतो. असता, तर मुंबईच्या मुलाखतीसाठी मी वीस उत्तरं इंग्रजीत पाठ केली नसती. महाराष्ट्र राज्य नवीन होतं तेव्हाची ही गोष्ट. खामगावात बाबांची कापसाची दलाली होती. मला सरकीचं तेल काढायचा कारखाना टाकायचा होता, आणि त्याआधी मुंबईच्या कॉलेजात व्यवस्थापन शिकायचं होतं. बाबांनी निकाल देऊन टाकला, "त्या कालेजात घेतलं तं जाय. नाही घेतलं तं गुपचूप माह्याजवळ गादीवर येऊन बस. मंग तेलबिल इसरायचं." सगळं त्या एका मुलाखतीवर अडलेलं.

निघताना आई मला मारुतीच्या देवळात घेऊन गेली. तिने डोळे मिटून हात जोडले, आणि मी देवासमोर सातवं उत्तर घोकत उभा.

"काय पुटपुटून राह्यला रे?"

"स्तोत्र," मी म्हणालो. देवाच्या दारात खोटं बोलून मी मुंबईची गाडी पकडली.

कॉलेजात मुलाखतीच्या खोलीबाहेर बाकावर बाकीची मुलं टाय लावून निवांत बसलेली. माझं नाव पुकारलं आणि विसावं उत्तर आठवेना. मग एकोणिसावं गेलं, अठरावं गेलं. दारापाशी पोचेपर्यंत स्वतःचं नाव तेवढं उरलं होतं. "मारुतीराया, आता तूच पाहा," असं मनात आलं. त्या वर्षातली माझी ती पहिली खरी प्रार्थना असावी.

आत तिघेजण होते. मधल्या साहेबांनी उठून हात पुढे केला. आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. कापसाच्या बाजारात दलाल भाव तोंडाने बोलत नाहीत. हातावर रुमाल टाकतात आणि खालून एकमेकांची बोटं दाबून सौदा करतात. माझ्या सगळ्या सुट्ट्या बाबांशेजारी हेच बघण्यात गेलेल्या. माझ्या हातात घाम पुसायचा रुमाल होता. समोर हात आला, मी त्यावर रुमाल टाकला आणि साहेबांची बोटं चाचपू लागलो.

साहेबांना हात सोडवून घ्यायचं सुचेना, मला सोडायचं सुचेना. तेवढ्यात उजवीकडचे म्हातारे गृहस्थ कागदांतून मान वर करून म्हणाले, "मंग बापू, काय भाव सांगतला साहेबानं?"

आमची वऱ्हाडी, त्या खोलीत! माझ्या तोंडून निघून गेलं, "अजून बोटंच सापडून नाही राह्यली जी."

तिघेही हसले. मग मधल्या साहेबांनी विचारलं, ही लपवाछपवी कशासाठी? आणि मी सुटलो. ज्याचा कापूस तो शेतकरी शेजारीच उभा असतो आणि त्यालाच भाव कळत नाही. माझ्या कारखान्यात सरकीचा भाव फळ्यावर लिहिलेला असेल, असं काय काय. इंग्रजी, हिंदी, मराठी, येईल ते बोललो. जिथे अडलो तिथे त्या गृहस्थांनी शब्द पुरवला. पाठ केलेल्या वीस उत्तरांपैकी एकाचाही प्रश्न कोणी विचारला नाही.

घरी येऊन तोंड लपवत हिंडलो. पंधरवड्याने प्रवेशाचं पत्र आलं. बाबांनी ते दोनदा वाचून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "तू शिकून ये. तवरिक स्टेशनाकडं जागा मी पाहून ठेवतो." आपल्या गादीवर मला बसवायला निघालेला माणूस जागा शोधायला निघाला, हे माझ्यासाठी पत्राहून मोठं होतं.

पुढे त्या गृहस्थांचे आभार मानायला गेलो, तेव्हा कळलं की त्या दिवशी ते दुसऱ्या कोणाच्या बदली बसले होते. याला काय म्हणावं, ते मी ठरवत बसलो नाही. मी नीट रचून नेलेलं सगळं मारुतीरायाने दाराबाहेर काढून घेतलं आणि मला होतो तसा आत ढकललं. त्यासाठी त्याला चारचौघांत माझं हसं करावं लागलं, ते मी मनावर घेत नाही.