निवडुंगाला पाणी

चांगुणाबाईचं फारसं कुणाशी पटलं नाही, आणि दीर सहादूशी तर मुळीच नाही. नवरा गेल्यावर सहादूनं वाटणीत तिच्या पदरात डोंगरउतारावरची मुरमाड पट्टी टाकली. पुढं तीसुद्धा तो दर नांगरटीला वीतवीत कोरत राहिला. बोलून बोलून बाईचं तोंड दुखलं. मग तिनं हद्दीवर त्रिधारी निवडुंगाची कांडकी रोवली. त्याला लागतं काय? मुरूम, ऊन, आणि कुणी ढुंकून न बघणं. दोन-चार वर्षांत पुरुषभर उंच खांब उभे राहिले. चीक डोळ्यात गेला तर डोळा जायचा, म्हणून सहादू औत लांबूनच वळवू लागला. बाई बांधावर उभी राहून खुशाल हसायची.

बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जाऊ लागली. एका संध्याकाळी येऊन बघते, तर निवडुंगाच्या बुडाशी आटलेल्या तळ्यातली काळी माती घालून छान आळी केलेली.

"म्हनलं वयनी, दुष्काळात तुमचा निवडुंग मराया नको," सहादू दात काढत म्हणाला.

त्याचा हा कळवळा तिला काही खरा वाटेना.

थोड्याच दिवसांत खांब बुडातून पिवळे पडले. बोट लावलं, तर आत सगळं लिबलिबीत. मातीत हात घातला, तर ओली! वस्ती घोटभर पाण्याला महाग, आणि हा मेला तिची हद्द पाणी पाजून मारत होता. कुंपण गेलं की पट्टीही गेलीच.

तिनं दगड उचलला आणि शेजारचं सहादूचं घर गाठलं. दारात धाकटी जाऊ भागूबाई कोसावरून आणलेली घागर उतरवत होती. मान पार अवघडलेली. चांगुणाबाईच्या हातातला दगड तसाच राहिला.

"एवढं पानी कुनाला गं?"

"कालवडीला. रोज एक घागर तिलाच लागती, म्हनत्यात."

चांगुणाबाईनं तिचं मनगट धरलं, फरफटत बांधावर नेलं आणि तिचा हात त्या चिखलात घातला. भागूबाईनं ती ओली माती मुठीत दाबून बघितली. मग "सोडा," म्हणून हात हिसडून निघून गेली. जावाजावांतही काही गोडवा नव्हता.

चांगुणाबाईनं तोंडाला पदर बांधला, निवडुंगाचे धड शेंडे पुन्हा रोवायला म्हणून कोयत्यानं छाटले आणि चीक सुकायला सावलीत ठेवले. दिवेलागणीला पलीकडं सहादू जेवायला बसला. घास घशात अडकला, तसा त्यानं ठसकत पाणी मागितलं.

"पानी?" भागूबाईचा आवाज साऱ्या वस्तीला ऐकू गेला. "ते निवडुंगाला पाजलंय न्हवं? जावा, तितंच चोखा."