खिशातले कार्ड

त्यांच्याकडे शर्ट टाकायचा तर मूत्रपिंड घरी ठेवून जावे, असे आमच्या इमारतीतले लोक म्हणत. म्हणणारे हसत, ऐकणारे हसत, आणि मग सगळेच जण कपड्यांची पिशवी घेऊन पुन्हा त्यांच्याचकडे जात. कारण कॉलर बसवावी ती त्यांनीच. जिन्याखालच्या जागेत त्यांचे दुकान होते. एक टेबल, त्यावर चौपदरी घोंगडी, जड इस्त्री, झाकणाला भोके पाडलेली पाण्याची बाटली, आणि भिंतीवरच्या फळ्यांवर मजल्यांप्रमाणे रचलेले गठ्ठे. त्यांचे नाव कुणी विचारले नव्हते. सगळे त्यांना इस्त्रीवाले म्हणत.

लोकांच्या विनोदाला कारण होते. इस्त्रीवाल्यांच्या पत्नीची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. आठवड्यातून तीन सकाळी तिला डायलिसिसला न्यायचे, चार तास यंत्रातून तिचे रक्त फिरताना बाहेर बसायचे आणि दुपारी तिला धरून परत आणायचे. प्रतीक्षा यादीत तिचे नाव होते. परंतु त्या यादीत माणसे शेकड्यांनी होती आणि देणारे बोटांवर मोजण्याइतके. बाकावर बसून बसून इस्त्रीवाल्यांना एवढे उमगले, की लोक वाईट नसतात, त्यांना कुणी विचारलेलेच नसते. तेव्हापासून शर्टाच्या घडीत जुन्या वर्तमानपत्राचा कागद घालायचे सोडून ते अवयवदानाचे पत्रक घालू लागले.

दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकेने ती पत्रके जपून ठेवली, पण मागच्या कोऱ्या बाजूवर किराण्याची यादी करण्यासाठी. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी निरोप धाडला, ‘‘माझ्या शर्टात असलं काही घालू नका, मला अजून बरीच पेन्शन घ्यायची आहे.’’ तीन वर्षांत अकरा जणांनी फॉर्म भरून दात्याचे कार्ड घेतले.

त्या अकरांपैकी एक तिसऱ्या मजल्यावरचे बस कंडक्टर. गणवेश टाकायला आले असताना त्यांनी उभ्या उभ्याच सही केली.

‘‘माझं काय चालणार हो कुणाला? पंचवीस वर्षं बसमध्ये हादरून आतलं सगळं जागेवरून हललंय.’’

‘‘ते डॉक्टर बघतील. तुम्ही सही नीट करा.’’

‘‘केली. जन्मभर लोकांना पुढे सरका, जागा द्या म्हणत आलो. आपणही कधी द्यायला नको?’’

‘‘घरी मात्र सांगा. नुसतं कार्ड खिशात ठेवून भागत नाही.’’

‘‘सांगतो हो. पण आई आहे तोवर थांबा. मरणाचं नाव काढलं की ती दोन दिवस जेवत नाही. आणि हिला सांगितलं म्हणजे आईला कळलंच. तुम्ही बोलू नका कुठे.’’

इस्त्रीवाले बोलणार नव्हतेच. त्यांच्या धंद्यात एक रीत होती, वडिलांनी घालून दिलेली: खिशात जे सापडेल ते बाजूला ठेवायचे, कपडा झाला की पुन्हा त्याच खिशात घालायचे, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाजवळ त्याचा उच्चार करायचा नाही. त्या रीतीने इमारतीतली कित्येक भांडणे व्हायची राहिली होती. कंडक्टरांचे कार्ड दर आठवड्याला गणवेशाच्या डाव्या खिशातून निघे, बाटलीशेजारी पडून राही आणि इस्त्री झाल्यावर परत खिशात जाई. गणवेश न्यायला बहुतेक वेळा त्यांची पत्नीच येई; इस्त्रीवाले तिला वहिनी म्हणत. ‘‘काय दादा, ताईंची तब्येत?’’ असे ती विचारी; इस्त्रीवाले उत्तर देत आणि घडी तिच्या हाती ठेवत. असे चौदा महिने चालले.

मग एका मंगळवारी कंडक्टर बसच्या पायरीवरून पडले. डोक्याला मार बसला. तिसऱ्या दिवशी दुपारी शिक्षिका कपडे न्यायला आली, तेव्हा तिने आवाज खाली आणून सांगितले, ‘‘मेंदू संपलाय म्हणे. श्वास यंत्रावर आहे, तोही उद्यापर्यंतच. तुमच्या त्या अवयवांचं विचारायला दवाखान्यातल्या बाई आल्या होत्या. थोरला भाऊ म्हणाला, तो असलं काही कधी बोलला नाही, नाव काढू नका.’’

इस्त्रीवाल्यांनी इस्त्रीची कळ बंद केली. तिसऱ्या मजल्याच्या फळीवर गणवेश तयार होता. त्यांनी खिसा चाचपला. कार्ड होते.

गणवेश हँगरला लावून तो तसाच हातात धरून ते दवाखान्यात गेले. अतिदक्षता विभागाबाहेरच्या खुर्चीवर कंडक्टरांची पत्नी बसली होती, शेजारी थोरला दीर. समोर दवाखान्यातल्या त्या बाई फाइल मांडीवर घेऊन बसल्या होत्या. इस्त्रीवाल्यांनी गणवेशाच्या खिशातून कार्ड काढून वहिनींच्या हातात दिले. बाईंनी ते वाकून पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘त्यांची इच्छा होती तर. पण होकार तुम्ही द्यायला हवा. त्याशिवाय आम्हाला काही करता येत नाही.’’

‘‘ह्यांची बायको डायलिसिसवर आहे,’’ दीर बाईंना म्हणाला. ‘‘बरोबर वेळ साधून आलेत.’’

‘‘तिला मिळणार नाही,’’ इस्त्रीवाले म्हणाले. ‘‘तिचा रक्तगट वेगळा आहे. यादीप्रमाणे जातं ते.’’

‘‘हो, हो. सगळे असंच म्हणतात.’’

वहिनींचे लक्ष त्या दोघांकडे नव्हते. त्या कार्डावरची सही पाहत होत्या.

‘‘सही ह्यांचीच आहे. दादा, हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?’’

‘‘चौदा महिने.’’

‘‘चौदा महिने गणवेश मी नेत होते तुमच्याकडून. दर आठवड्याला.’’

 धंद्याची रीत इस्त्रीवाल्यांच्या ओठांवर आली होती. तेथे ती सांगण्यासारखी राहिली नव्हती.

‘‘मला जे सांगावंसं वाटलं नाही त्यांना,’’ वहिनी म्हणाल्या, ‘‘ते मी आता कोणत्या तोंडाने हो म्हणू? उद्या सासूबाई विचारतील, तुला कसं कळलं. इस्त्रीवाल्यांनी सांगितलं म्हणू?’’ त्यांनी कार्ड पुन्हा गणवेशाच्या खिशात घातले, अगदी इस्त्रीवाले घालत तसेच, आणि बाईंकडे न पाहता नकाराची मान हलवली. बाईंनी फाइल मिटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला कंडक्टरांचे हृदय थांबले. त्यांच्याबरोबर द्यायचे ते सगळेच गेले.

त्यानंतर इस्त्रीवाल्यांनी पत्रक घालणे सोडले नाही. परंतु फॉर्म मागायला एकटा आलेला माणूस ते परत पाठवू लागले. ‘‘घरातलं एक माणूस बरोबर आणा, त्याच्यासमोर सही करा,’’ म्हणत. उरलेल्या दहा जणांनाही त्यांनी तेच सांगून पाहिले. दोघांनी घरी सांगितले, तिघांनी कार्डच परत आणून दिले, बाकीचे पाहू म्हणाले. वर्षभरात नवा फॉर्म एकही भरला गेला नाही. पत्नीची डायलिसिसची खुर्ची तीच राहिली, खिडकीपासून दुसरी. तिचे घोटे संध्याकाळपर्यंत सुजत, आणि तरी ती जिन्याखाली येऊन बटणे लावून देई.

एके दुपारी कंडक्टरांची पत्नी सासूची साडी घेऊन आली. वर्षभर ती दुसरीकडे कपडे टाकत होती. इस्त्रीवाल्यांची पत्नी स्टुलावर बसलेली होती. तिच्या हाताच्या, डायलिसिसच्या सुयांनी फुगलेल्या शिरेकडे वहिनींनी पाहिले. मग त्यांनी साडी टेबलावर ठेवली.

‘‘दादा, खरं सांगा. त्या दिवशी मी हो म्हटलं असतं, तर ताईंना मिळालं असतं?’’

इस्त्रीवाल्यांनी साडीवर पाणी शिंपडले.

‘‘नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी बायकोला मिळालं असतं.’’