दुमडीतली धूळ

टाचणीबाईंच्या तोंडात कायम चारपाच टाचण्या धरलेल्या असत, हे खरं. पण लोक त्यांना टाचणी म्हणायचे ते त्यामुळे नव्हे. बाईंचं बोलणं टोचायचं, आणि बोलण्यापेक्षा बघणं जास्त टोचायचं. गिऱ्हाइकाने कपडा टेबलावर ठेवला की त्या आधी गिऱ्हाइकाकडे बघत, मग कपडा उलटा करून शिवणीकडे बघत, आणि दोघांचं जमत नसेल तर तसं तोंडावर सांगत.

एकदा एक नवरदेव आला. सूट नवाकोरा आहे, फक्त कमरेत जरा ढिला करा, म्हणाला. बाईंनी शिवण उलटली. तिथे आधी दोनदा उसवल्याची भोकं रांगेने दिसत होती. "कितवं लग्न?" त्यांनी विचारलं. "दुसरंच," तो बिचारा गडबडीत बोलून गेला. मुलीची आई शेजारीच उभी होती आणि तिला पहिल्याचा पत्ता नव्हता. त्या दिवसापासून शहरातले निम्मे लोक बाईंकडे कपडे टाकायला घाबरत आणि उरलेले निम्मे मुद्दाम येत.

संशय हा काही त्यांचा जन्मजात स्वभाव नव्हता. लढाईच्या दिवसांत त्यांचा नवरा आठवड्यात परत येतो म्हणून नदीपलीकडे कामाला गेला. जाताना बाईंनी शिवलेले पडदे विकायला घेऊन गेला. पुढे शस्त्रसंधी झाली, पूल उघडला, जाणारे-येणारे सुरू झाले, तेव्हा कळलं की पलीकडे त्याने दुसरा संसार मांडलाय आणि त्या घराच्या खिडक्यांना पडदे आहेत ते हेच. बाई रडल्या की नाही ठाऊक नाही. पण त्यानंतर त्यांनी कुणाच्याही शब्दावर एक टाकासुद्धा घातला नाही.

घरात त्या आणि लेक, दोघीच. लेक एकोणीस वर्षांची, आईसारखीच हट्टी, फक्त हसरी. तिला नर्स व्हायचं होतं. नर्सिंगचं प्रशिक्षण होतं नदीपलीकडच्या इस्पितळात, आणि तिकडे जायला एकच रस्ता. पाच किलोमीटर, दोन्ही बाजूंच्या सैन्यांनी सोडलेल्या मोकळ्या पट्ट्यातून. त्याच्या मध्यावर बंद पडलेली वीटभट्टी, आणि भट्टीपाशी वळण. त्या वळणावर कुणाचंच राज्य नव्हतं, म्हणून टोळक्यांचं होतं. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या स्वयंपाकीणबाईंची मुलगी तिथून एकटी परत आली. आली ती स्वतःच्या पायांनी आली, पण आजही दारात परका माणूस दिसला की ती आतल्या खोलीत जाऊन बसते. तेव्हापासून त्या रस्त्याने एकही मुलगी जात नव्हती.

मग पत्रक आलं. भोंगा लावलेली गाडी गल्लीगल्लीतून फिरली. शांतिसेनेत आता आठ जणींची महिला तुकडी आली आहे, ती भट्टीच्या रस्त्यावर रोज पायी गस्त घालणार आहे, मुलींनी निर्धास्तपणे शिकायला जावं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की सुरक्षेसाठी गस्तीची वेळ जाहीर केली जाणार नाही.

"बघ!" लेक पत्रक नाचवत म्हणाली.

"वेळ कुठाय?" बाई म्हणाल्या. "बिनवेळेची बस कधी आलेली पाहिलीस का तू?"

"आई, ती बस नाही. ती गस्त आहे."

"तू जायचं नाहीस. मी बघते आधी."

आणि बघायची संधी आपल्या पायांनी चालत आली. शांतिसेनेच्या छावणीचे स्टोअरसाहेब, म्हणजे वर्दीपासून बादलीपर्यंत सगळं ज्यांच्या ताब्यात असे ते गोल चेहऱ्याचे, सतत हसणारे गृहस्थ, वर्द्यांचं गाठोडं घेऊन दुकानात आले. आठ वर्द्या बायकांच्या होत्या. म्हणजे शिवलेल्या पुरुषांच्या मापाने आणि घालायच्या बायकांनी. खांदे उतरलेले, मुंढे ढगळ, कंबर पिशवीसारखी. त्यांच्याबरोबर पुरुष शिपायांच्या काही पँटी दुरुस्तीला होत्या.

बाईंनी पुरुषांची एक पँट झटकली आणि त्यांना शिंक आली. खालच्या दुमडीतून लाल धूळ सांडली. भट्टीच्या पट्ट्यातली ती धूळ सगळं शहर ओळखतं. कपड्यात शिरली की दहा धुण्यांनी जात नाही. ही माणसं पंधरवड्यातून एकदा गाडीने जात आणि वळणावर उतरून पाय मोकळे करत, तरी तेवढ्याने दुमडी भरल्या होत्या. मग त्यांनी बायकांची पँट झटकली. काही नाही. दुसरी झटकली, तिसरी झटकली, शेवटी आठही पँटींच्या दुमडी नखाने उघडून पाहिल्या. धुण्यात गोळा झालेली पांढरी कापसाची वळी तेवढी निघाली. गुडघे नवे होते. कोपरं मात्र टेबलावर घासून चकाकत होती.

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. तुकडी येऊन पाच आठवडे झाले होते.

त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. वर्द्या आत घेतल्या, खांदे बसवले, देऊन टाकल्या. पण पुढच्याच आठवड्यात स्टोअरसाहेब त्याच आठ वर्द्या घेऊन पुन्हा हजर झाले, आणि या वेळी त्यांनी दुकानाचं दार लोटून घेतलं.

"बाई, परवा मुख्यालयातून मोठ्या बाई येणार आहेत. राजदूत. वाटाघाटीत ते बायकांच्या गस्तीचं कलम यांनीच हट्टाने घालून घेतलं. चार वेळा खोडलं होतं, पाचव्यांदा घातलं. त्यांची नजर फार बारीक आहे म्हणे."

"मग?"

"मग वर्द्या जरा वापरातल्या दिसायला हव्यात. गुडघ्यांवर थोडं दगडाने घासा. खाली दुमडीत थोडी लाल माती. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही कलाकार आहात!"

इतक्या वर्षांत बाईंना कलाकार म्हणणारा हा पहिलाच, आणि तोही असा. त्यांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. "रोज जातात ना त्या?"

"जातात हो. कागदोपत्री रोज जातात," स्टोअरसाहेब हसत म्हणाले. "एखादीला काही झालं तर जबाबदार कोण? त्यापेक्षा छावणीत बऱ्या."

संध्याकाळी बाईंनी लेकीला सगळं सांगितलं. आपलंच खरं झालं याचा आनंद माणसाला होतो तसा त्यांनाही थोडा झाला होता, नाकारण्यात अर्थ नाही. पण लेक हसली नाही. ती खाली बघत राहिली.

"मी चार दिवस जातेय, आई."

"कुठे?"

"इस्पितळात. सोमवारपासून. तुला मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते म्हणून सांगत होते."

ज्यांच्या नजरेतून सुताचं टोक सुटत नाही, त्यांच्या हातावर पोटच्या पोरीने तुरी दिल्या होत्या. बाई मटकन खाली बसल्या. "रस्त्यात ती तुकडी दिसली?"

"नाही. आम्हाला वाटायचं, त्या आमच्या आधी जाऊन आल्या असतील. दुपारी पलीकडून येणाऱ्या मुलींना वाटतं, त्या सकाळी जातात."

"आणि भट्टीपाशी?"

"काल दोघं बसले होते भिंतीवर. नुसते बसले होते."

"पत्रक त्यांनीही वाचलंय," बाई म्हणाल्या. "ते नुसते बसलेले नाहीत. गस्त येते का ते बघतायत. आठ दिवस बघतील, आणि येत नाही हे कळलं की मग... उद्यापासून जायचं नाही."

"पहिल्या महिन्यात तीन खाडे झाले की नाव कापतात, आई. मग पुन्हा कधीच नाही. मी जाणार."

दुसऱ्या दिवशी बाईंनी लेकीला स्वतः इस्पितळाच्या दारात नेऊन सोडलं, दुपारी स्वतः आणलं. येता-जाता मोठी कात्री पिशवीत होती. भिंतीवर आज तिघं होते. संध्याकाळी तुकडीची प्रमुख वर्दी अंगावर घालून बघायला दुकानात आली. उंच, हाडापेराने मजबूत बाई, कुठल्या तरी लांबच्या देशातली. इथे येण्याआधी सहा महिन्यांत इथली भाषा शिकली होती आणि लहान-मोठ्या सगळ्यांनाच 'तू' म्हणायची. शहरातले लोक तिला हवालदारबाई म्हणत. ती हात पसरून उभी राहिली. बाईंनी टेप लावला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "गस्तीला कितीला निघता?"

हवालदारबाईचे हात खाली आले. "वेळ का पाहिजे तुला?"

"सहज."

"पहिल्या दिवशी आम्हाला शिकवलं. शहरात कोणी वेळ विचारतो, तर त्याचं नाव लिहायचं."

आता दोघी एकमेकींकडे अशा बघत होत्या की तिसऱ्या कुणाला वाटलं असतं, या दोघींनी मिळून काहीतरी चोरलंय. हवालदारबाईला वाटत होतं, ही शिंपीण टोळक्यांची खबरी आहे. टाचणीबाईंना वाटत होतं, ही बाई खोटारडी आहे आणि पगारी खोटारडी आहे.

"लिहा माझं नाव," बाई म्हणाल्या. त्यांनी पुरुषांची एक दुरुस्तीला आलेली पँट टेबलावर झटकली, धूळ उडाली. शेजारी हवालदारबाईची पँट झटकली. "आता हेही लिहा. उद्याच्या पाहणीसाठी यात लाल माती भरायला सांगितलंय मला स्टोअरसाहेबांनी. तुम्ही त्या रस्त्यावर एकदा तरी पाय ठेवलाय का?"

हवालदारबाई स्टुलावर बसली. "रोज संध्याकाळी कागद येतो. लिहिलेलं असतं, महिला तुकडी, पायी गस्त, सर्व ठीक. मी सही करते."

"का करता?"

"पहिल्या दिवशी नाही केली. छावणीचा साहेब म्हणाला, तुकडी परत पाठवतो, आणि लिहितो की बायका घाबरल्या. आमच्या देशात आठ बायका पाठवायला नऊ वर्षं भांडलो आम्ही. परत गेलो, तर परत कोणी येणार नाही." तिने मान वर केली. "मला वाटलं, रस्ता रिकामा आहे. कागद खोटा, पण त्रास कोणाला नाही."

"माझी मुलगी जाते त्या रस्त्याने. तुमच्या सहीच्या भरवशावर जाते."

हवालदारबाईचा चेहरा उतरला. ती उठली, आठही वर्द्या गोळा केल्या, आणि दारातून वळून एवढंच म्हणाली, "माती लावायची नाही." बाईंना खात्री होती की ही आता सरळ जाऊन आपलं नाव लिहिणार. झोपताना त्यांनी दाराला वरची कडीही घातली.

सकाळी साडेसहाला दार वाजलं. बाईंनी फटीतून पाहिलं. बाहेर आठ जणी, इस्त्रीच्या वर्द्यांत, पाठीला बंदुका.

"आम्हाला रस्ता माहीत नाही," हवालदारबाई म्हणाली. "नकाशात पाहिलाय फक्त. दाखव."

"हुकूम आहे?" बाईंनी कडी न काढता विचारलं.

"सहा आठवड्यांचा आहे. रोज लिहिलंय की आम्ही जातो. फाटकावरच्या शिपायाला तोच कागद दाखवला. त्याने सलाम ठोकला."

लेक मागे फिसकन हसली. बाई हसल्या नाहीत. यात काहीतरी डाव असणार, असं त्यांना पूल ओलांडेपर्यंत वाटत होतं. पुढे त्या, मध्ये लेक, मागे-पुढे आठ जणी. वाटेत आणखी पाच मुली मिळाल्या, त्या आधी थबकल्या आणि मग धावतच आल्या. भट्टीच्या भिंतीवर चौघं होते. हवालदारबाई त्यांच्याजवळ गेली, बंदुकीला हात न लावता भिंतीवर त्यांच्या शेजारी बसली आणि निवांत बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागली. एकेक करून चौघं उठले आणि भट्टीमागे गेले. कुणी धावलं नाही, कुणी ओरडलं नाही.

नऊ वाजता छावणीच्या मैदानावर आठ जणी रांगेत उभ्या होत्या. ऐन वेळी बटणबिटण तुटलं तर असावं म्हणून टाचणीबाईंनाही बोलावलं होतं. स्टोअरसाहेब रांगेमागून वाकून पाहत आले आणि बाईंच्या कानाशी कुजबुजले, "कमाल केलीत! माती अगदी खरी वाटते." बाईंच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून स्टोअरसाहेबांचा जीव वाचला.

राजदूतबाई बुटक्या होत्या, खोकत होत्या, आणि त्यांच्या हातात गस्तीच्या कागदांची जाडजूड फाइल होती. ही बाई फोटो काढून घेईल, दोन शब्द गोड बोलेल आणि निघून जाईल, असं टाचणीबाईंना वाटत होतं.

"किती दिवस जाताय तुम्ही?" त्यांनी हवालदारबाईला विचारलं.

"एक."

"पुन्हा सांगा?"

"एक दिवस. आज. बाकी कागद खोटे आहेत. सह्या माझ्या आहेत."

स्टोअरसाहेब पहिल्यांदाच हसायचं विसरले. राजदूतबाईंनी फोटोवाल्याला कॅमेरा खाली करायला लावला, फाइल मिटली, आणि छावणीच्या साहेबाला म्हणाल्या, "आत चला." त्या दोघांची बैठक दुपारपर्यंत चालली.

दुसऱ्या दिवशी गस्तीचा खरा हुकूम निघाला, वेळेसकट. मुलींच्या जाण्याची वेळ तीच गस्तीची. छावणीचा साहेब जागच्या जागी राहिला. हवालदारबाईच्या नावावर खोट्या सह्यांचा शेरा बसला आणि तिची बढती गेली. छावणीचं शिलाईकाम दुसऱ्या शिंप्याकडे गेलं, तो काही बघत नाही म्हणून. बाईंनी ते ऐकून नुसतं 'हं' केलं.

पण रोज सकाळी लेक निघाली की त्यांच्याही पायांत चपला असत. पहिले दोन दिवस लेकीने चालवून घेतलं, मग ती वैतागली. "अगं, त्या येतात आता! सगळ्या मुली हसतात मला." बाई ऐकत नव्हत्या. नवव्या दिवशी भट्टीच्या वळणावर हवालदारबाईच थांबली. मुली पुढे गेल्या होत्या.

"अजून विश्वास नाही माझ्यावर?"

"तुझ्यावर आहे गं पोरी," टाचणीबाई म्हणाल्या. तिला 'तू' म्हणून गेल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही. "तुला पाठवणाऱ्यांवर नाही."

हवालदारबाईने मागे वळून छावणीच्या दिशेने एकदा पाहिलं.

"माझाही नाही," ती म्हणाली. "येत जा."