मंजुळाबाईचा झिंग्या

आमच्या गावात शहाणे फार होते. शंभर उंबऱ्यांच्या गावात इतके शहाणे मावले कसे, याचं मला आज नवल वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं, कारण मीही त्यांतलाच एक होतो. वरवट बकालच्या पुढे दोन कोसांवर आमचं गाव. तहसील आमच्या वऱ्हाडातल्याच जळगावला, त्याच्या वरचे साहेब नागपूरला. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मी नारायण, मराठी सातवी पास. गावात सातवी पास झालेला मी एकटा. त्यामुळे मला न कळणारी गोष्ट जगात नाही अशी गावाची समजूत होती आणि माझी तर खात्रीच होती.

मंजुळाबाईला मात्र गावानं कधी शहाण्यांत धरलं नाही. तिचा नवरा मानमोडीच्या तापाच्या साथीत गेला. मूलबाळ नाही. नाल्याकाठी विहिरीचा एकरभर मळा होता, त्यात वांगी, मिरच्या, कांदे, मेथी. रोज सकाळी ती पाटी डोक्यावर घेऊन गावात यायची, भाव एकदाच सांगायची, आणि कोणी घासाघीस करू लागलं की त्याच्याकडे नुसती बघायची. तेवढ्यानं माणूस गप्प वांगी घेऊन घरात जायचा. तिला माणसांचा कंटाळा आहे, असं आमच्याकडच्या बायका म्हणत. माणसांचा नव्हता, आमचा होता. हा फरक कळायला मला फार वर्षं लागली.

एका पावसाळ्यात देवळामागच्या कुत्रीला चार पिल्लं झाली. तीन धड होती. चौथं उभं राहिलं की चारही पाय फाकवायचं. चालताना पाय नको तितका उंच उचलायचं, भलतीकडेच टाकायचं आणि कोलमडायचं. खायला तोंड खाली नेलं की त्याची मान लटलट हलायची, आणि घास जितका जवळ तितकी जास्त हलायची. निजलं की मात्र अगदी स्थिर. दुखत खुपत काही नव्हतं त्याला, तोल तेवढा नव्हता. गावानं त्याचं नाव झिंग्या ठेवलं. चावडीवर बसून त्याला लांबून भाकरीचा तुकडा दाखवायचा आणि ते पडलं की मांडीवर थाप मारून हसायचं, ही सहा-सात महिने आमच्या प्रतिष्ठित मंडळींची करमणूक होती. शेषराव पाटील तर हसता हसता उपरण्यानं डोळे पुसायचे. पाटलांना हसू आलं की आम्हा सगळ्यांना येत असे.

होळीच्या सुमारास पाटलांच्या गोऱ्ह्याला कुठलंसं कुत्रं चावलं. गोऱ्हा तोंडाला फेस येऊन मेला. पाटलांनी लगेच दवंडी दिली की गावात पिसाळलेलं कुत्रं शिरलं आहे, ज्याच्या गळ्यात दोरी असेल ते पाळीव समजलं जाईल, बाकी सगळी मारायची. गावातली मर्दानगी इतर वेळी कुठे असते कोण जाणे, त्या दिवशी ती सगळी धोतरं खोचून बाहेर पडली. तहसिलीतल्या पट्टेवाल्यासमोर ज्यांची मान वर होत नसे ते काठ्या घेऊन गल्लीबोळांत ओरडत हिंडत होते. दुपारपर्यंत अकरा कुत्री मारली. त्यांत एकही पिसाळलेलं नव्हतं. पिसाळलेलं केव्हाच दुसऱ्या शिवारात निघून गेलं होतं. माझ्याही हातात काठी होती. मी ती चालवली नाही, पण टाकलीही नाही.

झिंग्याला शेवटी ठेवलं होतं, कारण ते पळून जाणार नाही याची खात्री होती. देवळाच्या भिंतीशी त्याला कोंडून आठ-दहा जण उभे होते. त्याच वेळी मंजुळाबाई रिकामी पाटी घेऊन मळ्याकडे निघाली होती. तिनं पाटी खाली ठेवली, लुगड्याचा काठ दातानं धरून टरकन फाडला आणि माणसांतून वाट काढत जाऊन ती चिंधी झिंग्याच्या गळ्यात बांधली.

"हे माहं कुत्रं हाये," ती म्हणाली.

पाटलांनी विचारलं, कधीपासून?

"आत्तापासून."

नियम पाटलांचाच होता, त्यामुळे काठ्या खाली आल्या. ते पिल्लू पाटीत घालून ती गेली तेव्हा मागून हशा पिकला. राखणीला कुत्रं नेलं म्हणे, याला राखायलाच आणखी एक कुत्रं लागेल. हा विनोद माझा होता. चार दिवस गावानं तो एकमेकांना सांगितला.

माझं वावर तिच्या मळ्याला लागून, त्यामुळे पुढचं मला दिसत होतं. झिंग्याला थाळीत खाता येत नाही हे तिच्या पहिल्याच दिवशी ध्यानात आलं. नाक थाळीवर आपटायचं, थाळी उलटायची. मग तिनं जमिनीत खड्डा करून एक खोल गाडगं गळ्यापर्यंत पुरलं. झिंग्या त्याच्या काठावर हनुवटी टेकायचा आणि मान जराशी थांबली की प्यायचा. खाताना पडू नये म्हणून ती त्याला झोपडीच्या कोपऱ्यात, भिंत आणि सरकीचं पोतं यांच्यामध्ये उभा करायची. लाड म्हणून कधी केला नाही, गोड बोलली नाही, आम्ही ठेवलेलंच नाव वापरलं. पण कुत्र्याला काय येत नाही हे बघण्यात गावानं सात महिने घालवले, आणि त्याला काय येतं हे तिनं आठ दिवसांत शोधून काढलं. त्याला भुंकता येत होतं. रात्री रानडुकरं आली की तो जागच्या जागी पडत, उठत असा काही भुंकायचा की डुकरं माझ्या वावरात यायची.

वैशाखात वामनरावांचं प्रकरण झालं. वामनराव म्हणजे पाटलांचे चुलतभाऊ. जन्मात एकदा कोर्टाच्या कामानं नागपूरला जाऊन आले होते आणि तेव्हापासून त्यांचं बोलणं नागपूरच्या खाली येत नसे. मळ्याच्या बांधावरून जाताना झिंग्या भुंकत त्यांच्या अंगावर आला, म्हणजे येता येता तोल जाऊन त्यांच्या पायांवर पडला. धोतराला लाळ लागली. दात लागला नाही. पण वामनराव चावडीवर पोचेपर्यंत कुत्रं चावता चावता ते वाचले होते, आणि चहा होईपर्यंत कुत्रं पिसाळलेलं होतं.

आता खरी गंमत ऐका. ते लटपटतं, मान हलवतं, लाळ गाळतं, असं वामनरावांनी सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. हो, लटपटतं खरं. कालच दिसलं, परवापासून दिसतंय. ज्यांनी सात महिने त्याच लटपटण्यावर तुकडे दाखवून मांड्यांवर थापा मारल्या, त्यांच्यापैकी एकालाही ते जन्मापासून तसंच आहे हे आठवेना. मला आठवत होतं. पण नुसतं आठवलेलं सांगून शहाणपण दिसत नाही. मी म्हणालो, पुस्तकात लिहिलं आहे की पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितं, तर चावडीवर आणून पाणी दाखवा, म्हणजे निकाल लागेल. पाटील म्हणाले, याले म्हनतात शिकलेला मानूस. त्या रात्री मला सुखाची झोप लागली. लाज वाटायला हवी होती, पण नाही वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव चावडीपुढे जमलं. मंजुळाबाई झिंग्याला कडेवर घेऊन आली. पाटलांच्या घरून पितळेची परात आणली होती. तिनं परातीकडे पाहिलं आणि सांगितलं की याला यात पिता येत नाही, एखादं खोल भांडं द्या, जमिनीत पुरा, मग बघा. वामनराव म्हणाले की पाणी ते पाणी, परातीत काय आणि भांड्यात काय. पाटलांनी निवाडा दिला, परातीतच पेलं पाहिजे.

झिंग्याला खाली सोडलं. ऊन तापलं होतं, त्याला तहान होती. तो पाय फाकवत परातीपर्यंत गेला, तोंड खाली नेलं, मान हलायला लागली आणि नाक परातीच्या बुडावर आपटलं. पाणी नाकात गेलं. तो शिंकत, फुरफुरत मागे सरकला आणि बसकणच मारली. पुन्हा गेला, पुन्हा तेच. वामनराव ओरडले, "पाहा, पान्याले भेते." सगळे दोन पावलं मागे हटले. पाटलांनी माझ्याकडे पाहिलं. तिचं म्हणणं खरं आहे, एवढे चार शब्द तेव्हा बोलायचे होते. मी म्हणालो, पुस्तकात असंच आहे. दोघांनी काठ्या उचलल्या.

मंजुळाबाई जमिनीवर बसली. झिंग्याला तिनं दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरलं, एक हात हनुवटीखाली, एक मानेवर, आणि त्याचं तोंड हळूच पाण्याला लावलं. मान थांबली. झिंग्या प्यायला. लपलप आवाज करत, शेपूट हलवत, चांगला मिनिटभर प्यायला. मग वामनराव म्हणाले की हे तर तिनं बळंच पाजलं, याला पिणं म्हणत नाहीत.

तिनं झिंग्याला बाजूला ठेवलं. परात दोन्ही हातांनी उचलली, आणि त्यात उरलेलं, कुत्र्याच्या लाळेचं पाणी, सगळ्या गावासमोर घटाघटा पिऊन टाकलं. शेवटचा थेंबसुद्धा ठेवला नाही. परात पाटलांच्या पायाशी ठेवून ती उठली.

"आता मी बी पिसाळीन. दिवस मोजा. मी कुत्र्यावानी भुकली, तं दोघायलेबी एकाच खड्ड्यात टाका. तवरक याले कोनं हात लावाचा नाई."

स्वतःचा जीव तारण ठेवणाऱ्या बाईला काय उत्तर द्यायचं हे सातवीच्या पुस्तकात नव्हतं. पाटील बराच वेळ खाकरले आणि मग त्यांनी बाळंतिणीचा मोजतात तसा सव्वा महिना ठरवला. तोवर तिनं मळा सोडायचा नाही, तिची भाजी कोणी घ्यायची नाही, आणि मी, शिकलेला माणूस म्हणून, रोज सकाळी बांधावरून बघून यायचं की ती पाणी पिते की नाही.

मी रोज जात होतो. ती विहिरीवर यायची, लोटा भरायची, माझ्याकडे तोंड करून सगळा प्यायची आणि लोटा उलटा करून दाखवायची. झिंग्या मला पाहून भुंकायचा आणि पडायचा. मळ्यात वांगी पिकून पिवळी पडली, मेथी फुलावर गेली. गावात लोक नुसत्या वरणाबरोबर भाकरी खात होते आणि त्याबद्दलही तिलाच शिव्या देत होते. दोघांना काहीही झालेलं नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी चावडीवर मी सांगायचो, अजून काही दिसत नाही. त्या 'अजून'मुळे लोक मला बसायला जागा देत होते. एखाद्या दिवशी मला उशीर झाला तर काही जण आशेनं विचारायचे, काऊन बे, भुकली काय? तसं काही झालं नाही याचं त्यांना वाईट वाटायचं. ते लपवायचेही कष्ट ते घेत नव्हते.

सव्वा महिना भरला. पाटलांनी मला निरोप देऊन पाठवलं की आता काही हरकत नाही, कुत्रं ठेव, उद्यापासून भाजी आण, घरोघरी बायका वांग्यांची वाट पाहून राहिल्या आहेत. त्या दिवशी मी पहिल्यांदा बांध उतरून मळ्यात गेलो. ती मिरच्यांतलं तण काढत होती. झिंग्या सावलीला निजला होता, अगदी स्थिर. मी निरोप सांगितला. जरा मोठेपणानं सांगितला, जणू काही मीच तिला सोडवलं होतं.

तिनं विळा खाली ठेवला आणि सव्वा महिन्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"मी बरी हाये. कुत्रं बरं हाये. गाव बरं झालं काय?"

ती थोडा वेळ थांबली, खरोखर उत्तराची वाट पाहिल्यासारखी. मग विळा उचलून पुढच्या सरीत गेली.

चावडीवर सगळे बसले होते. मी सांगितलं की दोघंही ठीक आहेत, निरोप दिला. पाटलांनी विचारलं, "काई म्हनली काय?"

"नाई," मी म्हणालो.