मेश्रामने मागितलेली दहा मिनिटं

२६ जानेवारीच्या आदल्या संध्याकाळी जीपचं बॉनेट माझ्या डाव्या हातावर पडलं. हाड मोडलेलं नाही, हे मी स्वतःच तपासलं. बर्फ लावला, क्रेप बँडेज बांधलं आणि कपाटातल्या गॉज बँडेजच्या गुंडाळ्या दुसऱ्या दिवसासाठी काढून ठेवल्या. सकाळी मला ती जीप वारासिवनीला न्यायची होती. जीपचा गिअर डाव्या हाताने टाकतात. अडचण होती, पण काम पुढे ढकलण्यासारखं नव्हतं.

अन्वी आणि निशांत, व्हिडिओ कॉलवर तुम्ही तुमच्या आजीचा हात पाहून हसलात आणि या वयात गाडी दुरुस्त करायची काय गरज, असं विचारलंत. गरज होती. मला एका माणसावर सूड उगवायचा होता. सगळं क्रमाने सांगते.

मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून मेजर म्हणून निवृत्त झाले, हे तुम्हाला माहीत आहे. हवालदार नामदेव मेश्राम आमच्या फील्ड हॉस्पिटलचा ॲम्ब्युलन्स ड्रायव्हर होता. मूळ खैरलांजीकडचा. डोंगरातल्या एका सेक्टरमध्ये आमचे उतारावर ब्रेक गेले. मागे पेशंट, पुढे आम्ही दोघे. मेश्राम एवढंच म्हणाला, "मॅडम, पाय वर घ्या," आणि त्याने गाडीची माझ्याकडची बाजू डोंगराला घासत घासत ती थांबवली. दार गेलं, पेशंट वाचले. मग त्याने गाडीखाली झोपून ब्रेकची नळी बांधली आणि आम्ही आमच्याच चाकांवर हॉस्पिटलला पोचलो. वाटेत रिकव्हरी गाडी भेटली, तिला त्याने हात करून परत पाठवलं. सबंध नोकरीत त्याची गाडी कधी टो झाली नाही. या एकाच गोष्टीचा त्याला गर्व होता आणि तो गर्व तो लपवत नसे.

निवृत्तीनंतर आम्ही दोघेही बालाघाटला स्थायिक झालो. त्याने फौजेच्या लिलावातली जुनी जीप घेतली. माझ्या अंगणात शेड होती, म्हणून ती माझ्याकडे राहिली. रोज सकाळी आमची फर्स्ट परेड चाले. ऑइल, पाणी, हवा, बेल्ट. फौजेत गाडी सुरू करण्याआधी ड्रायव्हर एवढं बघतोच. त्यानंतर चहा. त्यानंतर त्या दिवसाची जखम.

इंजिन हँडल मारून सुरू करताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा असतो, नाहीतर हँडल उलटून लाथ मारतं. हे मेश्राम मला समजावून सांगत असतानाच हँडलने त्याला लाथ मारली. मी मनगटाला स्प्लिंट बांधत होते, तेव्हा तो म्हणाला, "चूक कशी होते तेच दाखवत होतो, मॅडम." पुढच्या महिन्यात माझी पाळी आली. गरम रेडिएटरचं झाकण मी घाईने उघडलं आणि कपाळ भाजून घेतलं. वत्सलाबाई, म्हणजे मेश्रामच्या पत्नी, मला पाहून म्हणाल्या, "काहून जी मॅडम, टिक्का कोनं लावून देल्ला?"

उकव्याच्या घाटात एकदा हॉर्न अडकला. पुढे मँगनीजचा ट्रक होता, त्याला ओलांडायला जागा नव्हती. सबंध चढ आम्ही त्याच्या मागे अखंड वाजत राहिलो. वर पोचल्यावर ट्रकवाला खाली उतरला, माझ्यापुढे हात जोडून म्हणाला, "अम्मा, सुन लिया." खैरलांजीच्या रस्त्यावर ब्रेक लागेना, तेव्हा मेश्रामने जीप सरळ तणसीच्या ढिगात घातली. माझा गुडघा सोलला. त्याच्या नाकात धानाचं गवत गेलं. ढिगाचा मालक शांतपणे आला आणि म्हणाला, "काहून जी, रस्ता पुरला नाही का?" जीप रिव्हर्समध्ये स्वतःच बाहेर आली. मेश्राम शिंकत म्हणाला, "टो नाही झाली."

जीपचा खरा आजार एकच होता. फार वेळ चालण्याच्या वेगाने नेली की इंजिन तापे, पंपातल्या पेट्रोलची वाफ होई आणि गाडी बंद पडे. मेश्राम वॉर्डातली भाषा वापरायचा. "तिले ताप येते, मॅडम. पंपावर थंडी पट्टी ठेवा, दहा मिन्टं आराम द्या, उठून बसते."

वारासिवनीत दर २६ जानेवारीला काही हौशी लोक जुन्या गाड्यांची फेरी काढतात. फेरीचा पुढारी एक राइस मिलवाला शेठ आहे. त्याचं नाव मी लिहिणार नाही. का, ते शेवटी कळेल.

माझा हात चेपला त्याच्या आदल्या वर्षी मेश्राम मेडल लावून आला होता. जीपवर तिरंगा होता. मी शेजारी बसले होते. बँडच्या मागे पावलापावलाने बाजारात शिरलो आणि जीपला ताप आला. मेश्राम खाली उतरला, शेठपाशी गेला आणि म्हणाला, "सेठजी, दस मिनट दीजिए. चल पड़ेगी."

शेठच्या हातात माइक होता. तो म्हणाला, "मुख्य अतिथि इंतज़ार कर रहे हैं." त्याने ट्रॅक्टर बोलावला. दोर बांधला गेला. टो होणाऱ्या गाडीचं स्टीअरिंग कोणीतरी धरावंच लागतं. ते मेश्रामने धरलं.

ट्रॅक्टर निघाला तेव्हा माइकवरून आवाज आला, "देखो भाई, फौज को भी खींचना पड़ता है."

बाजार हसला. लोक वाईट नव्हते. हसायला सांगितलं म्हणून हसले. मेश्राम समोर बघत होता. भूल न देता टाके घालताना जवान जसे छताकडे बघतात, तसा.

घरी आल्यावर त्याने तो दोर नीट गुंडाळून सीटखाली ठेवला. "दहा मिन्टं मांगलते, मॅडम," तो म्हणाला. पुन्हा त्याने तो विषय काढला नाही. जीपलाही फारसा हात लावला नाही. पावसाळ्यात तो गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी नर्स आहे. मलाही हृदयच म्हणावं लागेल.

सगळं आटोपल्यावर वत्सलाबाई किल्ली घेऊन माझ्याकडे आल्या.

"भंगारात देऊ, का तुमी चालवता?"

"चालवते. त्या शेठच्या पुढ्यात चालवते."

"मंग मीबी येतो."

तुमच्या शाळेत क्षमा शिकवतात. चांगलं आहे. आम्ही दोघींनी त्या हिवाळ्यात दुसरा अभ्यास केला. शेठच्या गाडीला हात लावायचा नाही, हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं. मला ते शोभलं नसतं आणि त्याची गरजही नव्हती. त्याची गाडी विलायती, लांब नाकाची, आमच्या जीपहून जुनी. तो सर्वांत पुढे राहतो आणि लोकांना हात करत चालण्याच्या वेगाने नेतो. तोच रस्ता, तेच ऊन. आज ना उद्या त्याच्या पंपालाही ताप येणार होता. तेव्हा त्याच्या लगेच मागे आमची जीप असली पाहिजे आणि ती चालू असली पाहिजे. एवढंच आमचं काम.

म्हणून आम्ही अंगणात जीप सुरू करून उभी ठेवायचो आणि पंपावर ओल्या गॉजच्या पट्ट्या बांधून बघायचो. किती ओली, किती घट्ट, किती वेळाने बदलायची. तापाच्या पेशंटला करतात तेच. या अभ्यासात बॅटरीच्या ॲसिडने माझ्या चांगल्या साडीला भोकं पाडली. जॅक घसरून वत्सलाबाईंच्या पायाचा अंगठा काळानिळा झाला. त्यांनी जीप चालवायलाही शिकायचं ठरवलं आणि पहिल्याच दिवशी रिव्हर्समध्ये माझ्या पेरूच्या झाडावर नेली. मी धावत गेले, तर त्या म्हणाल्या, "पेरू पडले, मॅडम. काठीचं काम वाचलं." कपाळाला टेंगूळ आलं होतं. त्याला बर्फ लावेपर्यंत त्यांनी दोन पेरू संपवले. शेवटची जखम बॉनेटची. ती सुरुवातीला सांगितली.

२६ जानेवारीला सकाळी आम्ही वैनगंगेचा पूल ओलांडून निघालो. जीपवर तिरंगा, सीटखाली दोर, वत्सलाबाईंच्या पायांशी बादली. फेरीत आम्हाला शेठच्या मागची जागा मिळाली. फौजेची गाडी आपल्यामागे शोभते, असं त्याला वाटत असावं.

बाजार सुरू झाला. बँड थांबला की वत्सलाबाई उतरायच्या, बॉनेट उचलून पट्टी बदलायच्या आणि परत बसायच्या. आमचं बोलणं एवढंच होतं.

"पंप?"

"थंडा."

"पाणी?"

"हाय."

गेल्या वर्षी आम्ही जिथे थांबलो होतो, त्याच्या थोडं पुढे, पानठेल्यासमोर, शेठच्या गाडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली. मी ब्रेक लावला. जीपचं इंजिन चालू होतं.

शेठने स्टार्टर मारला. पुन्हा मारला. बँड पुढे गेला, मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. मी उतरले. शेठ घामेजला होता.

"कैसे खींचा जाए, बताइए," मी म्हणाले. "मेरे पास रस्सी है."

"मैडम, दस मिनट रुकिए. ठंडी होते ही चल पड़ेगी."

त्याचं निदान बरोबर होतं. आमच्या बादलीत पाणी होतं आणि माझ्या पिशवीत गॉजची एक अख्खी गुंडाळी शिल्लक होती. आयुष्यभर मी ज्याने मागितली त्याला पट्टी दिली, शत्रूच्या जखमी सैनिकालाही दिली. त्या दिवशी दिली नाही.

"मुख्य अतिथि इंतज़ार कर रहे हैं, सेठजी," मी म्हणाले.

त्याच्या मंडळींनीच घाई केली. जीप त्याच्या पुढे घेतली. दोर वत्सलाबाईंनी सीटखालून काढला आणि स्वतः बांधला. गाठ त्यांनी तीनदा ओढून पाहिली. शेठला सांगावं लागलं की टो होणाऱ्या गाडीत स्टीअरिंगवर माणूस लागतो. तो बसला.

मी पहिला गिअर टाकला आणि तोच ठेवला. हात ठणकत होता हे खरं, पण कारण ते नव्हतं. दोन्ही बाजूंनी लोक मोबाइल उंचावून उभे होते. मी आरशात बघत होते. वत्सलाबाई सरळ मागे वळून बसल्या होत्या.

"हळू घ्या, मॅडम," त्या म्हणाल्या. "त्याले दिसू द्या सारं."

मी आणखी हळू घेतली.

मैदानावर पोचल्यावर दोर सोडला. शेठ खाली उतरला, रुमालाने मान पुसली. तो चिडला होता, पण सभ्यपणे. "दस मिनट की तो बात थी, मैडम."

"हवलदार मेश्राम ने भी दस ही मिनट माँगे थे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. तो आठवायचा प्रयत्न करत होता, नाटक नव्हतं.

"कौन मेश्राम?"

सगळा हिवाळा आम्ही ज्याच्यासाठी हात भाजून घेतले, तो सूड त्या दोन शब्दांनी रिकामा केला. त्याच्या लेखी गेल्या वर्षी कोणी माणूस नव्हताच, फक्त एक बंद पडलेली जीप होती. वत्सलाबाई माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं.

मी स्टेजवर गेले. माइक मागितला नाही, घेतला. दिवसभर दुसऱ्या कुणाकडून काही मागायचं नाही, असं माझ्या मनात बसलं होतं. मी रोल कॉलला बोलतात तसं बोलले.

"हवालदार नामदेव मेश्राम. गेल्या वर्षी याच बाजारात त्यांची गाडी ओढली गेली. आज गाडी हजर आहे. स्वतःच्या चाकांवर."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बरं झालं. परतीच्या वाटेवर पुलावर वत्सलाबाई म्हणाल्या, "नाव ऐकलं त्यानं. पन इसरून जाईन."

"जाऊ द्यायचं नाही," मी म्हणाले.

दुसऱ्याच आठवड्यात बालाघाटच्या पेंटरकडून जीपच्या पुढच्या काचेखाली मोठ्या पांढऱ्या अक्षरांत लिहून घेतलं: हवालदार नामदेव मेश्राम. पेंटरने रंग ओला असताना हात लावू नका म्हणून बजावलं आणि स्वतःच कोपर टेकवलं; 'म'ची एक दांडी अजून फराटलेली आहे. आता दर बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी वारासिवनीला भाजी घ्यायला जातो. भाजी बालाघाटलाही मिळते. शेठच्या मिलच्या फाटकासमोर, रस्त्यापलीकडे, एक कडुनिंब आहे. जागा सार्वजनिक आहे. फौजेच्या पद्धतीप्रमाणे जीप नाक बाहेर करून लावते, म्हणजे नाव फाटकाकडे येतं. चाकाखाली दगड ठेवते. मग आम्ही सावकाश वांगी निवडतो.

पहिले काही आठवडे शेठने गाडीची काच वर करून पाहिलं. आता तो मान लववतो. मी मान लववत नाही. त्याला मेश्रामचं नाव ठाऊक नव्हतं, म्हणून इथे त्याचंही नाव नाही.

गेल्या खेपेला आम्ही पिशव्या घेऊन परत येत होतो. शेठची गाडी फाटकातून निघत होती आणि चौकीदार दार धरून उभा होता. शेठने त्याला काहीतरी विचारलं. चौकीदाराने जीपकडे पाहून उत्तर दिलं, ते आम्हा दोघींना रस्त्यापलीकडून नीट ऐकू आलं.

"मेश्राम साहब आए हैं, सेठजी."